आत्याच्या चिमटीचं वजन

परवाना विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट सहा रकान्यांत बसते असं वाटायला लागतं, आणि जी बसत नाही तिच्यात काहीतरी लपवाछपवी आहे असा त्याला दाट संशय येतो. शेरेसाहेबांचं तसंच झालं होतं. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नगरपालिकेत सगळे त्यांना शेरेसाहेब म्हणत, कारण त्यांच्या टेबलावरून शेरा न घेता पुढे गेलेला कागद कुणी पाहिला नव्हता. शेरेही ठरलेले होते. 'त्रुटी पूर्ण करून सादर करावे.' 'सोबतची कागदपत्रे अपुरी.' आणि सगळ्यांत लाडका म्हणजे, 'खुलासा समाधानकारक नाही.' एकतीस वर्षांत त्यांना एकाही माणसाचा खुलासा समाधानकारक वाटला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, पण ते तसं बोलून दाखवत नसत.

घरी हा रुबाब चालत नसे, कारण घरी आत्या होती. आत्या ब्याऐंशी वर्षांची होती आणि शेरेसाहेबांना ठोंब्या म्हणायची. त्यांना लहानाचं मोठं तिनेच केलेलं असल्यामुळे या नावाविरुद्ध कुठेही अपील नव्हतं. आत्याला फळाफुलांची आणि मुळ्यांची औषधं कळत. स्वयंपाकघरातल्या एका फळीवर तिच्या चौतीस बरण्या होत्या आणि त्यांतली एकही पूड दुसरीपेक्षा वेगळी दिसत नसे. सगळ्या तपकिरी.

तर ही आत्या आता जाणार होती. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आत्याचे गुडघे तिच्याच औषधांना दाद देत नव्हते. तिच्या मुलीने दुसऱ्या शहरात तळमजल्यावर घर घेतलं होतं. एक तारखेला आत्या तिकडे जायची होती, कायमची. फोनवर ती आतेबहीण म्हणाली, "आईचं ते औषधांचं सगळं कुणीतरी लिहून घ्यायला हवं होतं रे. मी विचारलं की माझ्यावरच ओरडते. राहूनच जाणार आता ते."

"राहणार नाही," शेरेसाहेब म्हणाले. "माझ्यावर सोपव. एक तारखेच्या आत नोंदी पूर्ण करतो."

खरं सांगायचं तर आत्या जाणार याचं त्यांना आठ दिवस फार वाईट वाटत होतं. पण असं काही वाटलं की काय करायचं असतं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी रजिस्टर आखायला घेतलं.

दोनशे पानी रजिस्टर, लाल शाईचा समास आणि सहा रकाने: अनुक्रमांक, विकार, फळ-फूल-मूळ यांपैकी काय, प्रमाण, कृती, शेरा. रविवारी सकाळी दहाला पहिली बैठक बसली. आत्या खिडकीशी वेताच्या खुर्चीत डाळिंब सोलत होती.

"अनुक्रमांक एक," शेरेसाहेब म्हणाले. "खोकला. खोकल्यावर काय द्यायचं?"

"कुणाचा खोकला?"

"कुणाचाही."

"असा कुणाचाही खोकला नसतो. लहान आहे की म्हातारा? कोरडा आहे की कफ पडतो? आडवं झाल्यावर येतो की बसल्यावर? घरात काही भांडण झालंय का?"

"खोकल्याचा आणि भांडणाचा काय संबंध?"

"बायको बोलत नसली की नवरे खोकतात. त्याला औषध नसतं."

शेरेसाहेबांनी विकाराच्या रकान्यात 'खोकला (सर्वसाधारण)' असं लिहिलं आणि पुढचे रकाने भरण्यासाठी पेन तयार ठेवलं. आत्या डाळिंब बाजूला ठेवून म्हणाली, "नाही बाबा आठवत. माणूस समोर बसलं, त्याची जीभ बघितली, हात हातात घेतला की माझा हात आपोआप बरणीवर जातो. नुसतं विचारलंस तर काही सुचत नाही. हे म्हणजे पोहणाऱ्याला जमिनीवर पोहून दाखव म्हटल्यासारखं झालं." बैठक पावणेअकराला संपली. नोंदी शून्य.

पण शेरेसाहेब हार मानणाऱ्यांतले नव्हते. माणूस समोर हवा ना, मग मीच बसतो, असं म्हणून ते अकरा वाजल्यापासून खोकायला लागले. आधी कोरडा खोकून झाला, मग कफाचा. जेवताना खोकले, जेवल्यावर आडवे पडून खोकले. आत्याने एकदा मान वळवून बघितलं. "हा घशातून येत नाहीये, ठोंब्या," ती म्हणाली, "रजिस्टरातून येतोय."

एक वाजेपर्यंत हा कार्यक्रम चालला आणि त्याने शेरेसाहेबांच्या बायकोचं डोकं दुखायला लागलं. खरोखरचं, कपाळ धरून बसण्याइतकं. त्याबरोबर आत्या खुर्चीतून उठली. तिने बायकोच्या कपाळावर हात ठेवला, दोन प्रश्न विचारले, फळीकडे न बघताच एक बरणी काढली, सुंठेची पूड पाण्यात कालवली आणि कपाळावर लेप घातला. अर्ध्या तासात बायको गाढ झोपली. शेरेसाहेब पेन घेऊन धावले.

"सुंठ किती घेतलीस?"

"इतकी."

"इतकी म्हणजे किती?"

"अरे, दाखवतेय ना. इतकी." आत्याने अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं.

प्रमाणाच्या रकान्यात 'इतकी' लिहिणं शेरेसाहेबांना शक्य नव्हतं. असा अर्ज आला असता तर त्यांनी तो उभ्या उभ्या परत पाठवला असता. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या सोनाराकडून त्याचा जुना काटा मागून आणला आणि आत्याला वीस वेळा सुंठेची चिमूट घ्यायला लावली. सरासरी काढून एकदा वजन ठरलं की काम फत्ते, असा बेत होता. पहिली चिमूट सव्वा ग्रॅम भरली. दुसरी पाऊण. सातवी दोन ग्रॅम.

"आत्या, सारखी घे."

"सारखी कशी घेऊ? पहिली तुझ्या बायकोच्या मापाने घेतली, दुसरी तिच्या आईला मनात धरून. सातवीला त्या पहिल्या मजल्यावरचा पैलवान डोळ्यांसमोर आला."

"आणि ही बारावी? ही तीन ग्रॅम आहे."

"ती तुझ्यासाठी. तुझा राग आला होता."

सोनाराला काटा परत करताना शेरेसाहेबांनी चिमटीचं वजन काढता येतं का असं सहज विचारलं. सोनार म्हणाला, माझ्याकडे सोनं येतं, माणसं काट्यावर बसत नाहीत. या वाक्याचा अर्थ शेरेसाहेबांना लागला नाही, पण आपला कुठेतरी अपमान झाला एवढं कळलं.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त कंपाउंडर राहत होते. चाळीस वर्षं औषधं बांधून देण्यात गेल्यामुळे आपल्याला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं, असं त्यांचं मत होतं. डॉक्टर आता हयात नसल्याने ते खोडूनही काढता येत नव्हतं. शेरेसाहेबांनी त्यांना जिन्यात अडचण सांगितली. "सोपं आहे," कंपाउंडर म्हणाले. "तुमच्याकडे औषध आहे, पेशंट नाही. पेशंट मी पाठवतो." शेरेसाहेबांना वाटलं, पाठवतील एखाददुसरा.

मंगळवारी संध्याकाळी ते कामावरून परतले तेव्हा जिन्यात अकरा माणसं बसली होती. तिसऱ्या मजल्यापासून वर, एका पायरीवर एक. आपल्याच घरात शिरायला त्यांना "मी पेशंट नाही, मी मालक" असं चार वेळा सांगावं लागलं आणि तरीही एका बाईंनी त्यांना नंबर लावायला सांगितलं. आत आत्या खुर्चीत बसली होती. तिने केस नीट विंचरले होते, ठेवणीतला चष्मा लावला होता आणि वर्षभरात प्रथमच तिचा आवाज पुढच्या खोलीपर्यंत ऐकू येत होता. शेरेसाहेब दारातच उभे राहिले. एवढी खूश आत्या त्यांनी फार दिवसांत पाहिली नव्हती, आणि आपण तिला इतकी वर्षं काहीच कसं विचारलं नाही याची त्यांना लाज वाटली. मग त्यांनी चपला काढल्या आणि रजिस्टर उघडलं.

त्यानंतर नोंदी भराभर पडत गेल्या. शिंप्याच्या बोटात सुई घुसली होती, त्याला झेंडूच्या पाकळ्या वाटून बांधल्या. बँकेतल्या कॅशियरचं पोट चार दिवस साफ नव्हतं, त्याला भिजवलेली अंजिरं. केस गळणाऱ्या दोघींना जास्वंदीचं तेल. पाचव्या दिवसापर्यंत अठ्ठावीस नोंदी झाल्या. प्रमाणाचा रकाना तेवढा कोरा होता, पण त्याचं बघू नंतर, असं शेरेसाहेबांनी ठरवलं. त्यांना खरा त्रास निराळाच होता. दोन माणसं सारखी शिंकत आली, तर आत्याने एकाला आल्याचा रस दिला आणि दुसऱ्याला सांगितलं, घरी जा आणि झोप.

"एकाच विकाराला दोन वेगळे निर्णय?" शेरेसाहेब म्हणाले. "हा पक्षपात झाला."

"दुसऱ्याने तीन दिवस झोप काढलेली नाही. डोळे बघितले नाहीस त्याचे?"

शेरेसाहेबांनी फक्त त्याचं अक्षर बघितलं होतं, कारण ते येणाऱ्याची सही घेत होते.

शेजारचे सल्ले तर फुकटच मिळत होते. कंपाउंडर म्हणाले, प्रत्येक बाटलीवर 'हलवून घ्या' लिहा, माणसाला विश्वास वाटतो. समोरच्या गायनशिक्षिका म्हणाल्या, जिन्यात बसलेल्यांना मी तोवर सूर लावायला शिकवते, आणि त्या खरोखर शिकवायला लागल्या. सोसायटीचे सेक्रेटरी रोज येऊन जिन्यात गर्दी करू नका असं बजावत आणि जाता जाता जीभ दाखवून जात.

घराचं काय झालं होतं ते बायकोला विचारावं. खिडकीच्या गजांना डाळिंबाच्या साली टांगल्या होत्या. पलंगावर चादर पसरून गुलाबाच्या पाकळ्या वाळत घातल्यामुळे नवराबायको जमिनीवर झोपत होते. ओट्यावर मुळ्या, खलात मुळ्या, कुकरमध्ये मुळ्या. एक दिवस आमटीला जास्वंदीचा रंग आला. बायकोने दोनदा सांगितलं, "अहो, मला स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नाही." पहिल्यांदा शेरेसाहेब हूं म्हणाले. दुसऱ्यांदा ते नोंद क्रमांक एकोणतीस लिहीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "तोंडी तक्रारीची दखल घेता येत नाही. लेखी दे."

बायकोने कुकरमधल्या मुळ्या उपसल्या आणि भात लावला.

याच सुमारास शेरेसाहेबांच्या हातून ती चूक झाली. वाईट हेतूने नव्हे, सुधारणा म्हणून. एका रविवारी आत्या जरा आडवी झाली होती, तेव्हा त्यांनी तिच्या चौतीस बरण्यांची चव घेतली, कंपाउंडरांकडून ओळख पटवून घेतली, सुंदर अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सगळ्या बरण्या अकारविल्हे लावल्या. अश्वगंधेपासून हिरड्यापर्यंत. फळीकडे बघून त्यांचं ऊर भरून आलं. इतका नीटनेटका दवाखाना शहरात नसेल, असं त्यांना वाटलं.

आत्या चाळीस वर्षं चिठ्ठ्या न वाचता हाताच्या सवयीने बरण्या काढत होती. त्यात त्या दिवशी तिचं नाक चोंदलेलं. संध्याकाळी गायनशिक्षिका बसलेला घसा घेऊन आल्या. आत्याने न बघता हात घातला आणि ज्येष्ठमधाऐवजी डाळिंबाच्या सालीची पूड मधातून चाटवली. मग सेक्रेटरी आले. त्यांचं पोट बिघडलं होतं आणि दीड तासावर वार्षिक सभा होती. त्यांना डाळिंबाची साल मिळायला हवी होती, ती गेली गायनशिक्षिकांना. त्यांच्या वाट्याला आली रेवाचिनी, म्हणजे पोट साफ करणारं मूळ.

त्या वर्षीच्या सभेचं इतिवृत्त आजही बघायला मिळतं. सभा एकूण पाच वेळा तहकूब झाली आणि दर वेळी कारणाच्या जागी 'सेक्रेटरी बाहेर गेले' असं लिहिलं आहे. गायनशिक्षिकांचं तोंड दोन दिवस असं आवळलेलं होतं की त्या शीळ घालणार आहेत असं वाटे. जिन्यातले सूर बंद पडले, त्याबद्दल मात्र कुणी तक्रार केली नाही.

"माझ्या बरण्या कुणी हलवल्या?" आत्याने विचारलं. ती क्वचित रागवायची, पण त्या दिवशी रागावली. "अरे, त्या माणसाला काही झालं असतं म्हणजे? बरणी माझ्या हाताखालून काढून घेतलीस आणि वर चिठ्ठी लावून मोकळा झालास."

शेरेसाहेबांनी चुकलो म्हटलं. हा शब्द त्यांच्या तोंडी फारसा येत नसे. आत्याने सगळ्या बरण्या पुन्हा आपल्या जागी लावल्या आणि त्या दिवसापासून प्रत्येक पूड आधी स्वतः चाखायला लागली. शेरेसाहेब सेक्रेटरींच्या दारी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा आतून आवाज आला की ते बाहेर येऊ शकत नाहीत.

नोटीस आली ती शनिवारी सकाळी. ऑफिसचा शिपाई दारात उभा राहिला, त्याने रोजच्यासारखा सलाम केला आणि पाकीट पुढे केलं. "साहेब, पोच द्या."

शेरेसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. 'आपण राहत्या सदनिकेत विनापरवाना उपचार केंद्र चालवीत असून, जिन्यात गर्दी जमविणे, खिडकीच्या गजांस फळांच्या साली टांगणे व स्वयंपाकघराचा मूळ प्रयोजनाव्यतिरिक्त वापर करणे इत्यादी बाबी निदर्शनास आल्या आहेत. सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' भाषा त्यांना फार आवडली. 'मूळ प्रयोजनाव्यतिरिक्त' तर फारच. हल्लीच्या पोरांना असं लिहिता येत नाही, असं ते मनात म्हणाले, आणि लिहिणारा कोण हे बघायला त्यांनी खालची सही पाहिली. सही त्यांची होती.

मग त्यांनी वरचा पत्ता पाहिला. तोही त्यांचाच होता.

तारीख मंगळवारची होती. मंगळवारी त्यांच्यापुढे चाळीस नोटिसा सहीला आल्या होत्या आणि ते मांडीवर रजिस्टर ठेवून त्यात जास्वंदीची आकृती काढत होते. शिपायाने विचारलं, "साहेब, नोटीस नाकारली असं लिहू का?" शेरेसाहेब ताठ झाले. त्यांची नोटीस आजवर कुणी नाकारली नव्हती. त्यांनी पोच दिली.

खुलासा त्यांनी चार पानी लिहिला, कलमवार. पण तो सादर करायचा कुणाला, तर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला. म्हणजे रीतसर आवक क्रमांक घेऊन तो खुलासा गुरुवारी एकोणीस इतर खुलाशांच्या गठ्ठ्यातून त्यांच्याच टेबलावर आला. दुपारची वेळ होती. हाताला एकतीस वर्षांची सवय होती. शेरेसाहेब एकामागून एक कागद उलटत गेले आणि शेरा मारत गेले.

शिपाई गठ्ठा उचलताना घुटमळला. "साहेब, हा तुमचाच होता."

कागदावर त्यांच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'खुलासा समाधानकारक नाही. सुनावणी लावावी.' खाडाखोड करता येत नव्हती. शेरा खोडू नये असं परिपत्रक होतं आणि ते त्यांनीच काढलं होतं.

सुनावणी एकोणतीस तारखेला लागली, आत्या जायच्या दोन दिवस आधी. सुनावणी घेणारे वरिष्ठ साहेब तरुण होते, सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेले, आणि गेले काही दिवस सारखे खोकत होते. शेरेसाहेब आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभे राहिले. तिकडची खुर्ची किती मऊ आहे ते इकडून कळतं, असं त्यांना वाटून गेलं. मागे बाकावर आत्या शाल पांघरून बसली होती आणि तिला हात देऊन आणलेली बायको तिच्या शेजारी.

"तक्रार अर्ज 'एक त्रस्त रहिवासी' या नावाने आहे," साहेबांनी खोकत वाचलं. "अर्जदार हजर आहे का?"

शेरेसाहेबांनी वळून दाराकडे पाहिलं. सेक्रेटरी असणार. किंवा तो कंपाउंडर, आतून वेगळा आणि बाहेरून वेगळा.

"आहे," बायको म्हणाली आणि उठून उभी राहिली.



"मी ह्यांना घरी दोनदा सांगितलं," बायको शांतपणे म्हणाली. "हे म्हणाले, लेखी दे. म्हणून लेखी दिलं. घरातच टेबलावर ठेवणार होते, पण घरी पोच मिळत नाही." तिने पर्समधून पोचपावती काढून टेबलावर ठेवली. "माझी आत्यांबद्दल तक्रार नाही. त्या खूश आहेत ते मला दिसतंय. मला फक्त माझा ओटा परत हवाय, आणि ह्यांनी मान वर करून एकदा माझ्याकडे बघायला हवंय."

शेरेसाहेबांनी मान वर करून बघितलं. बायकोच्या केसांत गुलाबाची एक वाळलेली पाकळी अडकलेली होती, बहुधा चार दिवसांपासूनची. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. "अर्जदाराचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले.

साहेब हसायला गेले आणि त्यांना जोराची ढास लागली. आत्या बाकावरून उठली. कुणाची परवानगी न घेता ती टेबलाच्या पलीकडे गेली आणि तिने साहेबांचा हात हातात घेतला. किती दिवस झाले? पंधरा. संध्याकाळी कणकण येते? येते. श्वास घेताना एका बाजूला दुखतं? साहेबांनी मान हलवली. आत्याने त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. शिपाई गरम पाणी आणायला धावला. शेरेसाहेबांनी सवयीने पेन काढलं. ज्येष्ठमध असणार, त्यांनी मनात ठरवलं. नाहीतर आलं.

"हे माझ्याकडचं नाही," आत्या म्हणाली. "आत्ता उठा आणि मोठ्या दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो काढा. उद्या नाही, आत्ता. आणि मध नको, आलं नको, माझं काही नको. त्याने दोन दिवस जरा बरं वाटेल, मग तुम्ही जाणार नाही."

तिच्या आवाजात असं काही होतं की साहेब उठले. फोटोत छातीच्या एका बाजूला डाग निघाला. वेळेवर आलात, तिथले डॉक्टर म्हणाले. सुनावणीचा निकाल साहेबांनी दवाखान्यातून, पडल्या पडल्या पाठवला: 'तक्रार मान्य. स्वयंपाकघर चोवीस तासांत मूळ प्रयोजनासाठी मोकळे करावे. संबंधित वृद्ध महिलेने मला कोणतेही औषध दिले नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.'

त्या दिवशी शेरेसाहेबांनी स्वतः साली उतरवल्या, ओटा घासला आणि पलंग झटकला. मग ते रजिस्टर घेऊन बसले. नोंदी एकसष्ट झाल्या होत्या, पण त्यांना कळून चुकलं होतं की सगळ्यांत महत्त्वाचा रकाना आपण आखलाच नव्हता. औषध कशाला द्यायचं ते त्यांनी लिहिलं होतं. कधी द्यायचं नाही ते कुठेच नव्हतं. त्यांनी पट्टी घेतली, सातवा रकाना पाडला, आणि आत्यासमोर बसून विचारलं, "शिंप्याला तू केव्हा नाही म्हणाली असतीस?"

आत्याने लगेच सांगितलं. "बोट काळं पडलं असतं, किंवा ठणका खांद्यापर्यंत गेला असता तर."

"आणि कॅशियरला?"

"पोट लाकडासारखं कडक लागलं असतं तर."

आता तिला भराभर आठवत होतं, कारण आता ते खोकल्याबद्दल विचारत नव्हते, माणसाबद्दल विचारत होते. शेरेसाहेबांनी विकाराच्या रकान्यातला 'खोकला (सर्वसाधारण)' खोडला. परिपत्रक गेलं चुलीत. एकसष्ट माणसं दोन दिवसांत झाली. शेवटच्या काही नोंदी तर बायकोने लिहून घेतल्या, शेरेसाहेबांपेक्षा चांगल्या.

एक तारखेला सकाळी खाली गाडी उभी होती. आतेबहीण दोनदा हाक मारून गेली. आत्या शाल घेऊन खुर्चीत बसली होती आणि शेरेसाहेब रजिस्टर पुढे घेऊन हताश झाले होते. "प्रमाणाचा रकाना कोराच राहिला, आत्या. एकसष्टच्या एकसष्ट. तू सगळीकडे इतकं, इतकं म्हणतेस. तू गेल्यावर हे इतकं मी कुठून आणू?"

आत्याने त्यांच्याकडे बघितलं, मग रजिस्टरकडे. तिने आपला हात पहिल्या कोऱ्या पानावर पालथा ठेवला. "घे. काढ ह्याला."

शेरेसाहेबांनी पेन्सिल घेतली आणि तिच्या हाताभोवती फिरवली. करंगळी वाकडी होती, सांधे सुजलेले होते, पेन्सिल जागोजागी अडत होती. मग तिने अंगठा आणि बोट जुळवून कागदावर टेकवलं आणि त्यांनी तेही गिरवलं. चिमूट आणि हात, दोन्ही पानावर आले. त्याखाली त्यांनी लिहिलं: 'परिमाण. यापुढील सर्व मापे या हाताने घ्यावीत. माणूस पाहून कमी-जास्त.'

"आणि आता तुझं ते नेहमीचं लिही," आत्या म्हणाली. "शेरा."

शेरेसाहेबांनी टोपण काढलं आणि ते बराच वेळ पेन धरून बसले. खालून पुन्हा हाक आली. मग त्यांनी एकच शब्द लिहिला. आत्याचा चष्मा पिशवीत गेला होता.

"काय लिहिलंस?"

"समाधानकारक."

"एवढ्याला इतका वेळ?"

"पहिल्यांदाच लिहितोय," शेरेसाहेब म्हणाले, आणि तिची पिशवी खांद्याला लावून, तिचा हात धरून जिना उतरायला लागले.